कोबी, लाकडी जोडे आणि सूर्यफुले

श्रोतेहो, शाळेत चित्रकलेच्या तासाला गुरुजी टेबलावर तांब्या ठेवतात, शेजारी दोन वांगी मांडतात आणि म्हणतात, "काढा." यालाच स्थिरचित्र म्हणतात. एलिमेंटरीच्या परीक्षेलाही ते असते. तांब्या हुबेहूब उतरला की झाले, असे मुलांना वाटते. पण याच साध्या अभ्यासातून युरोपात चित्रकलेला एक नवी वाट फुटली. ती वाट दाखवणाऱ्या एका विद्यार्थ्याची ही हकिकत.

व्हिन्सेंट व्हॅन गॉग हा हॉलंडमधल्या एका पाद्रीबुवांचा मुलगा. जन्म 1853 चा. दुकानातली नोकरी गेली, धर्मप्रचाराचे कामही टिकले नाही. 1880 साली, सत्ताविसाव्या वर्षी, त्याने चित्रकार व्हायचे ठरवले. पुढच्या वर्षाअखेर हेग शहरी आंतोन मॉव्ह नावाच्या नात्यातल्या चित्रकाराने त्याला तैलरंगाचे पहिले धडे दिले. पुढ्यात काय मांडले असेल? एक कोबी आणि शेतकऱ्याचे लाकडी जोडे!

तैलरंग म्हणजे जवसाच्या तेलात घोटलेली रंगाची पूड. हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन ते सावकाश घट्ट होते. त्यामुळे रंग बराच वेळ ओला राहतो. बिघडले तर खरवडता येते, पुन्हा लावता येते. मात्र खालचा थर कमी तेलाचा आणि वरचा जास्त तेलाचा हवा. उलटे केले, तर पुढे चित्राला तडे जातात.

1885 साली न्यूनेन या खेड्यात व्हिन्सेंटने बटाट्यांच्या टोपल्या रंगवल्या, पाखरांची घरटी रंगवली. सारे रंग मातीचे, काळपट. पॅरिसमध्ये चित्रांच्या पेढीत नोकरीला असलेला धाकटा भाऊ थिओ त्याला पैसे पाठवीत असे. तिकडचे चित्रकार उजळ रंगांत काम करतात, हेही त्यानेच कळवले. 1886 साली व्हिन्सेंट पॅरिसला गेला. समोर बसवायला माणूस आणावा, तर त्याला पैसे द्यावे लागतात. ते कुठून आणणार? मग त्याने फुले मांडली. तांबड्याशेजारी हिरवा, निळ्याशेजारी नारिंगी, असे विरोधी रंग तो घासून पाहू लागला. एका पेटीत त्याने रंगीत लोकरीचे गुंडे ठेवले होते. दोन रंगांचे धागे एकत्र पिळायचे आणि कोणता रंग कोणाला उठाव देतो ते पाहायचे, हा त्याचा घरचा अभ्यास.

1888 च्या ऑगस्टमध्ये, फ्रान्सच्या दक्षिणेकडील आर्ल गावी, त्याने सूर्यफुले रंगवली. फुले लवकर कोमेजतात, म्हणून सकाळपासूनच कामाला लागायचे. एका चित्रात तर पिवळ्या भिंतीपुढे, पिवळ्या भांड्यात, पिवळीच फुले! रंग इतका जाड की कुंचल्याचा प्रत्येक फटकारा दिसावा. काही फुलांच्या पाकळ्या गळालेल्या. तीही त्याने तितक्याच मायेने रंगवली.

जुलै 1890 मध्ये तो वारला. 1905 साली जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरी चार तरुणांनी 'सेतू' या अर्थाच्या नावाचे चित्रकार-मंडळ काढले. त्याच वर्षी तिथे व्हिन्सेंटच्या चित्रांचे प्रदर्शन भरले आणि त्या तरुणांवर त्याचा खोल ठसा उमटला. वस्तू कशी दिसते यापेक्षा ती पाहून मनात काय उठते, ते रंगाने सांगायचे, या पंथाला पुढे अभिव्यक्तिवाद म्हणू लागले.

आपल्याकडेही हे वारे आले. कृष्णाजी हौळाजी आरा लहानपणीच घर सोडून मुंबईला आले. लोकांच्या घरी नोकरी करीत, मोटारी धूत त्यांनी चित्रकला जोपासली. युरोपातून मुंबईत आलेल्या काही कलाजाणकारांनी त्यांना उत्तेजन दिले. 1947 च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संस्थापकांत ते होते, आणि फुले नि भांडी यांच्या जोरकस स्थिरचित्रांसाठी त्यांचे नाव झाले.

शिक्षकबंधुभगिनींनो, व्हिन्सेंटने सूर्यफुलांआधी सात वर्षे कोबी, जोडे आणि बटाटे घोटले, हे मुलांना जरूर सांगा. नजर आधी तयार व्हावी लागते. पण तयार झालेल्या नजरेच्या एखाद्या मुलाने उद्या वांगे तांबडे रंगवले, तर लगेच चूक म्हणून फुली मारू नका. "तुला ते तसे का वाटले?" एवढे मात्र त्याला विचारा.