मारकुट्या पोराचा वाली कोण?

एका मुलाने दुसऱ्याला इजा केली, की आपण आधी रडणाऱ्याला पोटाशी धरतो. आणि ते योग्यच आहे. पण ज्याने इजा केली, त्या चिमुरड्याचे पुढे काय करावे? या प्रश्नाला समाजाने वेळोवेळी निरनिराळी उत्तरे दिली आहेत, आणि त्यांतली काही आपल्या मुंबईतच घडली आहेत.

१८६० च्या दंडसंहितेने सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य अपराध मानले नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाला पुरेशी समज नसेल, तर त्यालाही सूट दिली. २०२४ साली लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हाच नियम आहे. नियम दयाळू खरा. पण तो शिक्षा टाळतो, एवढेच. पोराच्या हातून असे का घडले, हे विचारणे त्याचे काम नव्हे.

थोड्या मोठ्या मुलांसाठी त्या काळाला उपाय सुचला तो हाताला काम देण्याचा. १८५७ साली डेव्हिड ससून यांच्या नावाची औद्योगिक शाळा मुंबईत निघाली. पुढे १९२४ साली मुंबई इलाख्याचा बालक कायदा झाला आणि १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. मुलाला तुरुंगाऐवजी आसरा मिळू लागला. तरीही त्याच्या मनात कोणी डोकावले नव्हते.

ते काम शिकागोत १९०९ साली डॉ. विल्यम हीली यांनी सुरू केले. बालन्यायालयात आलेले एकेक मूल ते स्वतंत्रपणे तपासू लागले. हीच दृष्टी घेऊन १९३७ साली मुंबईच्या टाटा समाजकार्य शाळेने बालमार्गदर्शन केंद्र उघडले. अशा केंद्रांची रीत साधी असते: डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवक मिळून एका मुलाचा विचार करतात. मुलापुढे खेळणी मांडतात आणि आईबापांशी वेगळे बोलतात. जे शब्दांत येत नाही, ते पुष्कळदा खेळात उमटते. कोणी स्वतः मार खाल्लेला असतो, कोणी घरात रोज भांडणे पाहिलेली असतात. सर्वांचेच तसे नसते. म्हणून तर प्रत्येकाची चौकशी निराळी.

वाचकहो, खरी अडचण कायद्याची नाही, लाजेची आहे. आपल्याच मुलाने धाकट्या भावंडाला धाक घालून छळले किंवा नको तसा स्पर्श केला, हे कळताच घर दार लावून घेते. मग दोन्ही मुले उपचारावाचून राहतात. अशा वेळी दोघांना एकत्र एकटे ठेवू नये, दुखावलेल्याचा शब्द खरा मानावा, आणि दोघांनाही जाणत्याकडे न्यावे. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली १०९८ ही मुलांची मदतवाहिनी आज देशभर चालते.

लहान मुलावर गुन्हेगाराचा शिक्का मारू नये, आणि त्याने केलेल्या कृत्यावर पांघरूणही घालू नये. शंभर-दीडशे वर्षांच्या या खटाटोपाने आपल्याला शिकवले, ते एवढेच.