जिल्ह्याच्या लोकशाहीत शिरताना

पक्षीय राजकारणाचा वीट आला, ही भाषा आज बुलढाणा जिल्ह्यात सर्रास ऐकू येते. मत एका चिन्हावर द्यावे आणि निवडून आलेला माणूस दुसऱ्याच बाजूला दिसावा, हा अनुभव इथल्या मतदाराला नवा राहिलेला नाही. हा उद्वेग खरा आहे आणि कोणी त्याला हलके लेखू नये. उलट, वाचकांनी तो सोबत घेऊनच जिल्ह्याच्या लोकशाहीच्या अभ्यासाकडे यावे. ज्याला काहीच वाटत नाही, त्याच्यापेक्षा वैतागलेला नागरिक या अभ्यासाला अधिक लायक असतो. त्याच्याजवळ निदान एक प्रश्न असतो.

दिसणारी बाजू आधी पाहू. जून 2022 मध्ये शिवसेना फुटली, तेव्हा बुलढाणा आणि मेहकरचे आमदार एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले. पुढच्याच महिन्यात खासदार प्रतापराव जाधवही त्या गटात गेले. फेब्रुवारी 2023 मध्ये निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिले. 2024 ची लोकसभेची मुख्य लढत इथे दोन शिवसेनांमध्येच झाली आणि जाधव पुन्हा निवडून आले. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत बुलढाण्यात शिंदे गटाचे संजय गायकवाड अवघ्या 841 मतांनी जिंकले. मेहकरात मात्र मतदारांनी ठाकरे गटाच्या सिद्धार्थ खरात यांना निवडून दिले. जिल्हा एक, फूट तीच, आणि कौल दोन. पक्षांतराबद्दल मतदार काय ठरवतो हे जाणून घ्यायचे असेल, तर त्यासाठीचे क्षेत्र शोधायला दूर जावे लागणार नाही.

पक्षांतरबंदीचा कायदा समजून घेणे हा इथला पहिला धडा. 1985 च्या 52व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. एक तृतीयांश सदस्य फुटले तर ती ‘फूट’ मानून त्यांना संरक्षण मिळत असे. 2003 च्या 91व्या दुरुस्तीने ती पळवाट बंद केली, दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची वाट मात्र उघडी राहिली. अपात्रतेचा निर्णय सभागृहाच्या अध्यक्षांकडे असतो, आणि अध्यक्ष स्वतः कुठल्या ना कुठल्या पक्षातूनच आलेले असतात. माझ्या मते या कायद्याची खरी दुखरी जागा तीच आहे. जिल्हा परिषदा आणि नगरपालिकांच्या सदस्यांसाठी महाराष्ट्राचा 1986 चा वेगळा अपात्रता कायदा आहे. ग्रामपंचायतीला तो लागू नाही, कारण तिथली निवडणूक पक्षचिन्हावर होतच नाही. तिथे पॅनल असतात. पॅनलच्या मागे कोणता पक्ष उभा आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक असते, पण मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसते.

आता कमी दिसणाऱ्या बाजूकडे वळू. आम्हा अभ्यासकांना तीच अधिक महत्त्वाची वाटते, म्हणून तिथे थोडे थांबावे अशी विनंती आहे. 2017 मध्ये भाजप-शिवसेना सरकारने सरपंच थेट जनतेतून निवडण्याचा नियम केला. 2020 मध्ये महाविकास आघाडीने तो रद्द करून निवड पुन्हा सदस्यांकडे दिली. 2022 मध्ये सत्ता बदलली आणि थेट निवड परत आली. नगराध्यक्षपदाचीही हीच कहाणी: 2016 मध्ये थेट, 2020 मध्ये सदस्यांतून, 2022 मध्ये पुन्हा थेट. थेट निवडीच्या बाजूने आणि विरोधातही चांगले युक्तिवाद आहेत, त्यांतला कोणता पटावा हे वाचकाने ठरवावे. पण मंत्रालयातले सरकार बदलले की गावचा सरपंच निवडण्याची रीत बदलते, तेव्हा नियम हेच पक्षांचे हत्यार झालेले असते. पक्षांमधले भांडण लोकशाहीला पेलते. ज्या मैदानात भांडायचे त्याच्या सीमारेषाच दर वेळी हलू लागल्या, तर ते तिला पेलत नाही.

याहून गंभीर गोष्ट फारशी आरडाओरड न होता घडली. बुलढाणा जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, आणि निवडणूक झाली नाही. संविधानाचे कलम 243-ई सांगते की मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण व्हावी, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे बंधन ठामपणे सांगितले होते. तरीही कारभार प्रशासकाच्या हाती गेला. याचे कारण होते ओबीसी आरक्षणाचा वाद. सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च 2021 च्या निकालाने त्यासाठी तीन कसोट्या घातल्या, मग त्या कसोट्यांसाठी बांठिया आयोग आला, त्यानंतर प्रभागरचनेचे खटले. आरक्षणाचा प्रश्न न्यायाचा आहे, त्याला केवळ अडथळा समजणे चूक ठरेल. पण वर्षे उलटत गेली आणि जिल्हा परिषद गटातल्या बाईला शाळेच्या खोलीबद्दल, हातपंपाबद्दल विचारायला निवडून आलेला सदस्यच उरला नाही. 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका चार महिन्यांत घेण्यास सांगितले, तरी जिल्ह्यातल्या नगरपालिकांचे मतदान व्हायला डिसेंबर 2025 उजाडला. या काळात फुटीवर जेवढे लिहिले-बोलले गेले, त्याच्या मानाने या रिकाम्या खुर्च्यांकडे फारच कमी लक्ष गेले.

पक्षाभिमान लोकशाहीवर मात करेल, ही काळजी दूरच्या देशांतही आहे. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टनने 1796 च्या निरोपाच्या संदेशात पक्षाभिमानाच्या अतिरेकापासून सावध केले होते, आणि 6 जानेवारी 2021 रोजी तिथल्या संसद भवनावर जमाव चालून गेला. आपल्याकडे 25 नोव्हेंबर 1949 रोजी डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत पक्षमत देशापेक्षा मोठे मानण्याचा आणि राजकारणातल्या व्यक्तिपूजेचा धोका सांगितला. हे भाषण नव्या वाचकाने अवश्य वाचावे. अमेरिकेची लोकशाही समजून घेताना फ्रेंच विचारवंत तॉकव्हिलनेही आपल्या 1835 च्या ग्रंथात संघराज्याच्या आधी न्यू इंग्लंडच्या लहान गावसभांचा विचार केला. हा क्रम आम्हाला फार मोलाचा वाटतो.

या क्रमाने चालायला आपल्याकडे उत्तम सामग्री आहे. विदर्भाच्याच वसंतराव नाईक यांच्या समितीच्या शिफारशींवर राज्याची जिल्हा परिषद व्यवस्था उभी राहिली आणि 1 मे 1962 पासून ती चालू झाली. त्याच्याही खाली ग्रामसभा आहे. तिची गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी असेल ती. तेवढे लोक जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. कितीतरी ठराव याच दारातून येतात. जिजाऊंच्या सिंदखेडराजापासून सातपुड्याच्या पायथ्याच्या जळगाव जामोदपर्यंत तेरा तालुक्यांतल्या गावांत या सभांची इतिवृत्ते आहेत, आणि अभ्यासकाचा हात त्यांना क्वचितच लागला आहे.

म्हणून तुम्ही सुरुवात अशी करून पाहा. आधी महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 मधली ग्रामसभेची कलमे वाचा. मग आपल्या गावच्या ग्रामपंचायतीत मागच्या पाच वर्षांचे इतिवृत्त पाहायला मागा, न दिल्यास माहिती अधिकारात अर्ज करा. किती सभा तहकूब झाल्या, महिलांची सभा आधी झाली का, सूचक-अनुमोदक म्हणून तीच दोन नावे पुन्हा पुन्हा येतात का, हे टिपून ठेवा. दहावी अनुसूची आणि न्यायालयांचे निकाल त्यानंतर हाती घ्या. तोवर त्यांतला प्रत्येक शब्द कोणाबद्दल आहे, हे तुम्हाला कोणी समजावून सांगावे लागणार नाही.