देवाचा विश्वासूपणा आणि सेवेचे पाचारण : कोल्हापूर भागातील मराठी ख्रिस्ती उपासना

देव दिलेला शब्द पाळतो, हा भरवसा आणि त्या भरवशावर माणसाला सेवेसाठी होणारे पाचारण, या दोन गोष्टी मराठी प्रॉटेस्टंट मंडळींच्या उपासनेत जोडीने येतात. उपासनेचा आरंभ उपकारस्मरणाने होतो आणि शेवट आशीर्वाद घेऊन कामाला लागण्याने. आधी देवाने काय केले याची आठवण, मग आपण काय करायचे याचा विचार, हा क्रम सहसा मोडत नाही. पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अखेरीस हे दोन्ही धागे एकाच वाक्यात गुंफलेले आहेत. ज्याने बोलावले तो भरवशाचा आहे, तेव्हा काम तडीस नेणेही त्याच्याकडेच, असा त्याचा आशय आहे. पाळकीय दीक्षेच्या वेळी सांगण्यासारखे याहून नेमके वचन क्वचितच सापडेल.

पेठ वडगाव (ता. हातकणंगले) हे धनाजी जाधवांच्या समाधीचे आणि मोठ्या बाजाराचे गाव कोल्हापूर, कोडोली आणि मिरज या तीन मिशन ठाण्यांच्या टापूत येते. येथील ख्रिस्ती परंपरेचा उगम अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वायल्डर यांच्या कामात आहे. 1846 मध्ये ते अहमदनगरला आले आणि 1852 मध्ये कोल्हापूर संस्थानात शिरले. पुढे प्रकृतीच्या कारणाने ते मायदेशी गेले आणि त्यांच्या संस्थेने कोल्हापूरचे ठाणे बंद केले. तरीही 1861 मध्ये ते स्वतःच्या जबाबदारीवर, कोणत्याही मिशन मंडळाच्या आधाराविना परत आले. 1870 मध्ये अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन मंडळाने हे काम आपल्याकडे घेतले. कोल्हापुरातील वायल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पाठीशी संस्था नसताना घालवलेली ती मधली वर्षे या नोंदीच्या विषयाला फार जवळची आहेत. पगाराची हमी नव्हती, होता तो केवळ बोलावणाऱ्यावरचा विश्वास.

या घराण्याची पुढची कथा कोल्हापूरकरांना फारशी ठाऊक नसते. रॉयल आणि एलायझा वायल्डर यांचा मुलगा रॉबर्ट 1863 मध्ये कोल्हापुरात जन्मला. प्रिन्स्टन येथे शिकत असताना त्याने समविचारी विद्यार्थ्यांचा एक गट उभा केला. देवाची इच्छा असेल तर आपण परदेशी सेवेला जाण्यास तयार आहोत, अशी प्रतिज्ञा या गटात केली जाई. त्याची बहीण ग्रेस या कामासाठी सतत प्रार्थना करीत असे. 1886 च्या उन्हाळ्यात माउंट हर्मन येथे सुवार्तिक ड्वाइट मूडी यांनी भरवलेल्या शिबिराला 251 विद्यार्थी आले होते. शिबिर संपेतो त्यांपैकी 100 जणांनी सेवेला जाण्याची तयारी दाखवली. रॉबर्टने जॉन फोरमन या भारतातच जन्मलेल्या मिशनरीपुत्राबरोबर वर्षभर महाविद्यालये पालथी घातली आणि दोन हजारांहून अधिक तरुणांनी होकार दिला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत जगभर पसरलेल्या 'स्टुडंट व्हॉलंटियर' चळवळीचे मूळ हे असे पंचगंगेकाठी वाढलेल्या एका घरापर्यंत येऊन पोचते. पुढे रॉबर्टने भारतात येऊन विद्यार्थ्यांमध्ये काम केले. ग्रेस आणि तिची आईही कोल्हापूरच्या परिसरात सेवेसाठी परतल्या.

मात्र ही कथा मिशनऱ्यांपुरतीच सांगणे अन्यायाचे ठरेल. या भागातील मंडळी उभी राहिली ती बहुतांशी दलित समाजांतून आलेल्या कुटुंबांच्या बळावर. गावकुसाबाहेर राहणाऱ्या माणसाला 'देवाने तुला नावाने हाक मारली आहे' हे ऐकणे काय वाटले असेल, याची कल्पना केल्याशिवाय पाचारणाच्या उपदेशाचे येथील वजन कळत नाही. गावोगाव पायी फिरणारे देशी सुवार्तिक, शाळामास्तर आणि घराघरांत जाऊन बायकांना वाचून दाखवणाऱ्या बायबलबाया यांची नावे अहवालांत क्वचित येतात. उपासनेची भाषा मात्र त्यांनीच जनमानसात रुजवली.

रविवारच्या उपासनेत पाळक पाचारणवचन वाचून सुरुवात करतात. नंतर गीत, पापांगीकार, जुन्या व नव्या करारातील पाठ, मतांगीकार, दानार्पण, संदेश, मध्यस्थीची प्रार्थना, प्रभूची प्रार्थना आणि आशीर्वाद असा क्रम असतो. विश्वासूपणाचे सूत्र सर्वांत स्पष्ट ऐकू येते ते स्तोत्रांच्या उत्तरवाचनात. 136 व्या स्तोत्रात 26 ओव्या आहेत आणि प्रत्येकीचा उत्तरार्ध एकच आहे. पाळकांनी सृष्टीची, मिसरातून सुटकेची, वाळवंटातल्या वाटचालीची एकेक ओळ वाचायची आणि मंडळीने देवाच्या टिकाऊ दयेचे तेच पालुपद म्हणायचे. वाचता न येणारी आजीबाईसुद्धा तिसऱ्या ओळीपासून खणखणीत आवाजात साथ देते. या विषयावरचा दुसरा आधार विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात आहे. यरुशलेम उद्ध्वस्त झाल्यावरच्या आक्रोशात, ऐन मध्यावर, कवी रोज सकाळी नव्या होणाऱ्या करुणेचा उल्लेख करतो. अमेरिकेत 1923 मध्ये प्रसिद्ध झालेले टॉमस चिझम यांचे प्रसिद्ध इंग्रजी गीत याच ओळींवर बेतलेले आहे. सुखाच्या दिवसांत देवाला विश्वासू म्हणणे सोपे असते. या अध्यायाचे मोल असे, की तो दुःखातून बोलतो, आणि म्हणूनच अंत्यविधीच्या वेळीही त्याचा आधार वाटतो.

गायनाच्या बाबतीत मराठी मंडळी भाग्यवान आहे. अहमदनगरचे कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तनाला चालना दिली. त्यानंतर नारायण वामन टिळक (1861-1919) आले. 1895 मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि 1904 मध्ये त्यांना पाळकीय दीक्षा मिळाली. वारकरी अभंगाचा छंद, ओवीची लय आणि भक्तीची घरगुती जवळीक त्यांनी प्रार्थनेत आणली. 'उपासना संगीत' या मंडळ्यांच्या गीतसंग्रहात त्यांची कितीतरी गीते आहेत आणि पेटी, तबला व झांजांवर ती आजही गायली जातात. टिळकांच्या आयुष्यात पाचारण एकदाच होऊन थांबले नाही. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्या बंधुसमाजात स्थान होते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी पतीच्या हाकेच्या मागोमाग ताबडतोब पाऊल टाकले नाही. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या, स्वतःच्या मनाशी झगडल्या, आणि मग स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या. लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना लक्षात येते की एका घरात एकाला आलेली हाक दुसऱ्याला किती महागात पडते. पाचारणावरच्या प्रवचनांत ही बाजू अधिक यायला हवी.

मंदिराबाहेरची प्रार्थना हा या परंपरेचा तितकाच महत्त्वाचा भाग आहे. नवे घर, बाळाचा जन्म, परीक्षेतले यश किंवा आजारातून उठणे या निमित्ताने उपकारस्तुतीची घरप्रार्थना होते. सतरंजीवर शेजारीपाजारी बसतात, पाळकसाहेब शास्त्र वाचतात आणि घरातले कोणीतरी साक्ष देते. ही साक्ष बहुधा अडखळत दिलेली असते. दवाखान्यात पैसे संपले होते, भावाने ऐन वेळी आणून दिले, देवाने सोडले नाही, एवढेच एखादी बाई सांगते आणि डोळ्यांना पदर लावते. मग चहा होतो. विश्वासूपणाची शिकवण पुस्तकातून जितकी आली तितकीच अशा साक्षींतून पुढे चालत आली आहे. वर्षातून एकदा कापणीचा सण येतो. ऊस, भात, जोंधळा, भाजीपाला, गुळाची ढेप, कोंबड्या, अंडी असे जे ज्याच्या शेतात किंवा दारात असेल ते वेदीपुढे आणून ठेवतात. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो आणि पैसा मंडळीच्या कामी लागतो. शेतमजुराने आणलेल्या दोन भोपळ्यांना मालकाच्या पोत्याइतकाच मान मिळतो.

सेवेचे पाचारण केवळ पाळकांसाठी असते, अशी समजूत रुजू न देण्याचे श्रेय या भागात मुख्यतः वैद्यकीय कामाला जाते. डॉ. विल्यम वॉन्लेस 1889 मध्ये सांगलीला आले आणि 1894 मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले. शस्त्रक्रियेपूर्वी प्रार्थना करण्याचा तेथील परिपाठ रुग्णांच्या तोंडून दूरवर पोचला. वैद्यकीय शिक्षण, परिचारिकांचे प्रशिक्षण, कुष्ठरोग्यांची शुश्रूषा आणि पुढे वॉन्लेसवाडीचे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम, असा हा पसारा वाढत गेला. ज्या काळी कुष्ठरोग्याला घरचेही शिवत नसत त्या काळी त्याच्या जखमा धुणे हीच उपासना मानली गेली. कोल्हापूर-सांगली भागातल्या ख्रिस्ती घरांतील मुली परिचारिका होण्याकडे मोठ्या संख्येने वळल्या, त्यात पोटापाण्याचा हिशोब होताच. पण तो असला म्हणून हाक खोटी ठरत नाही, असे येथे ठामपणे नोंदवायला हवे.

पाळकीय सेवेसाठी उमेदवाराला धर्मशिक्षण घ्यावे लागते. 1953 मध्ये यवतमाळला सुरू झालेली आणि 1983 मध्ये पुण्याला हललेली युनियन बिब्लिकल सेमिनरी हे अशा शिक्षणाचे एक केंद्र आहे. दीक्षाविधीत उमेदवाराला मंडळीसमोर प्रश्न विचारले जातात. तो गुडघे टेकतो आणि दीक्षित सेवक त्याच्या डोक्यावर हात ठेवतात. मंडळीलाही विचारले जाते की तुम्ही याला स्वीकारता का. आतली हाक कितीही प्रबळ असली तरी तिला मंडळीचा दुजोरा लागतो, ही प्रेस्बिटेरियन शिस्त 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात अनेक मंडळ्यांच्या एकीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाल्यानंतरही टिकून राहिली. अलीकडे स्वतंत्र प्रार्थनागट वाढले आहेत. तेथे गिटार, ढोल आणि हिंदी स्तुतिगीते असतात, उपास प्रार्थना रात्रभर चालतात आणि एखादा तरुण त्याच रात्री उभा राहून आपल्याला झालेले पाचारण जाहीर करतो. जुन्या मंडळ्यांतील वडीलधाऱ्यांना ही घाई वाटते. दोन्हीकडे देवाच्या भरवशावर बोलणे सारखेच असते. फरक पडतो तो त्या होकाराची परीक्षा कोणी आणि किती दिवस घ्यायची एवढ्यावर, आणि या बाबतीत जुन्या मंडळ्यांचा धीमेपणा अधिक हिताचा आहे.