गोधडी आणि लक्ष्मीची तसबीर

गेल्या साली आमच्या नाशिकच्या घराच्या वाटण्या झाल्या. भांडीकुंडी सुखाने वाटली गेली. अडले ते पणजीच्या दोन वस्तूंपाशी. एक गोधडी आणि एक रविवर्म्याच्या लक्ष्मीची तसबीर.

तसबीर छापील, पण लक्ष्मीचे लुगडे खरे! कागदावरच्या साडीवर पणजीने डाळिंबी कापड बेतून बसवले होते. काठाला जर, गळ्यात टिकल्या. एका काळी घरोघरच्या बायका असे करीत.

राजा रविवर्म्याने १८९४ साली गिरगावात शिळाछापखाना काढला. यंत्रे जर्मनीची होती. स्निग्ध शाईने दगडावर आकृती काढायची आणि दगड ओला करायचा, म्हणजे छापण्याची शाई तेवढ्या रेघांनाच धरते. रंग जितके, दगड तितके. पुढे हा छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके काही काळ या छापखान्याचे काम करीत. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढल्यावर त्यांनी बिऱ्हाड नाशकास आणले. रविवर्मा १९०६ साली वारला. छापखाना मात्र चालू राहिला आणि १९७२ च्या आगीत जळाला. संस्थानिकांच्या दिवाणखान्यातले देव या छापामुळे सामान्यांच्या भिंतीवर आले. पण हजार घरांत तीच लक्ष्मी! ती आपली कशी व्हावी? बायकांनी सुई घेतली.

गोधडीचा न्याय याच्या उलट. तिथे छाप नाही, नमुना नाही. जुनी लुगडी, धोतरे, मुलांची अंगडी एकावर एक अंथरायची आणि धावदोरा घालायचा. दोन गोधड्या सारख्या होत नाहीत. आमच्या गोधडीचा वरचा पदर विरला आहे. त्याखाली तेच डाळिंबी कापड दिसते. पणजीचे ते लग्नातले लुगडे, असे आजी सांगे. उरले ते देवीला, की उरले ते पोरांना, कोण जाणे.

तसबीर विकावी असे चुलतभावाचे मत पडले. एका गिऱ्हाईकाने सांगितले, वरची चिंध्या-टिकली काढून द्या, चित्र स्वच्छ हवे. मला राग आला, तो त्या ‘चिंध्या’ शब्दाचा. चित्राखाली रविवर्म्याचे नाव छापलेले आहे. पणजीचे नाव कुठेच नाही.

मी काच काढून पाहिले. कापड काही ठिकाणी खळीने चिकटवलेले, पण काठ शिवलेला. गोधडीचा टाका उसवला तर कापड भोक मिटवून घेते. कागद मिटवीत नाही. तिने टोचलेली भोके आता कोणाच्यानेही बुजणार नाहीत. हे भावाला दाखवले. तो बराच वेळ पाहत उभा राहिला, मग म्हणाला, “तात्या, काच परत बसवा.”

तसबीर त्याच्याकडे गेली, गोधडी माझ्याकडे आली. या थंडीत धाकटी ती पांघरून निजते. वरचा पदर नवा घालायला हवा. पत्नीने आईचे एक लुगडे त्यासाठी बाजूला काढून ठेवले आहे.