गुरांच्या दवाखान्यात आमचा शेरू

मागच्या सुट्टीत कळसाडीला घरी गेलो होतो. दुसऱ्याच दिवशी आमचा शेरू लंगडत घरी आला. शेतात कापसाच्या पऱ्हाट्या कापल्या की जमिनीत टोकदार खुंट राहतात, त्यातला एक त्याच्या पुढच्या पंजाच्या गादीत घुसला होता. जखम बोटाच्या पेराएवढी. फार काही नाही, पण रक्त येत होतं आणि तो कुणाला हात लावू देत नव्हता.

आजीने लगेच हळद आणि तेल कालवून आणलं. मी थांबवलं, तर म्हणाली, "बैलले चालस, मंग याले का बरं नही?" तेवढ्यात काकांनी डोकेदुखीची गोळी अर्धी करून भाकरीत घातली. ती भाकर मी हातातून काढून घेतली आणि शेरूला घेऊन गुरांच्या दवाखान्यात गेलो. तिथे डॉक्टरांचा पहिला प्रश्न जखमेबद्दल नव्हताच. त्यांनी विचारलं, "पिसाळण्याची लस दिलीय का?" मग केसपेपरवर जनावराच्या रकान्यात त्यांनी 'इतर' असं लिहिलं.

माझं पीएचडीचं काम जिवाणूंवर आहे, इतिहासावर नाही. पण तो 'इतर' शब्द डोक्यात राहिला. आपण 'गुरांचा दवाखाना' का म्हणतो? त्यात कुत्रा कधी आणि कोणत्या दाराने आला?

सुरुवात घोड्यापासून करावी लागते. आमच्याच जिल्ह्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत आजही घोड्यांचा मोठा बाजार भरतो, पण इंग्रजांना घोडा हवा होता तो फौजेसाठी. 1862 साली पुण्यात लष्कराने पशुवैद्यकाची शाळा सुरू केली, ती घोड्यांसाठी. मग आला बैल. बुळकांडीच्या साथीत गावंच्या गावं बैलांविना व्हायची. बैल नाही तर नांगर नाही, आणि नांगर नाही तर शेतसारा नाही. सरकारने गुरांच्या साथींवर नेमलेल्या आयोगाचा अहवाल 1871 साली आला. 1889 साली पुण्यातच इम्पीरिअल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. पुढे ती मुक्तेश्वरला हलली, आज आपण तिला आयव्हीआरआय म्हणून ओळखतो. म्हणजे ज्या व्यवस्थेतून तालुक्याचा दवाखाना आला, ती घोड्याच्या पाठीसाठी आणि बैलाच्या खांद्यासाठी उभी राहिली. कुत्रा तिच्या हिशोबात नव्हता.

कुत्रा सरकारी कागदावर आला तो वेगळ्याच कारणाने. मुंबईत मोकाट कुत्री मारायचा हुकूम होता आणि मारणाऱ्याला बक्षिसी मिळायची. जून 1832 मध्ये याविरुद्ध पारशी लोक रस्त्यावर उतरले. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे, अंत्यविधीतही त्याची जागा आहे. हिंदू आणि जैन व्यापारीही सामील झाले, बाजार बंद पडला, दंगल झाली. दोन वर्षांनी, 1834 साली, जमशेटजी जीजीभॉय आणि इतर व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. पण पांजरपोळ म्हणजे आसरा, उपचाराची सोय नव्हे.

उपचार आले ते परळला. 1883 साली दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाने जनावरांचं रुग्णालय स्थापन झालं. तिथेच 1886 मध्ये मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. आज त्या रुग्णालयात कुत्र्या-मांजरांची रांग लागते. गंमत बघा, त्याच परळमध्ये हाफकिन संस्था आहे, जिथे पिसाळलेला कुत्रा चावलेल्या माणसांसाठी लस बनायची. पाश्चरने 1885 साली पहिल्यांदा ही लस माणसाला दिली. आपल्याकडे पुढे मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली सेंपलची लस आली, ती म्हणजे आपल्या आई-वडिलांच्या पिढीला धडकी भरवणारी बेंबीभोवतीची चौदा इंजेक्शनं. 2004 च्या सुमारास ती बंद झाली.

आता डॉक्टरांचा तो पहिला प्रश्न मला कळला. खेड्यातल्या दवाखान्यात कुत्रा रेबीजच्या दाराने शिरला. आधी त्याच्यापासून माणसाला वाचवायचं, मग त्याची जखम. यात डॉक्टरांची चूक नाही, प्रश्न बरोबरच होता. (लाजेची गोष्ट अशी की लस दिलेली नव्हती. त्याच दिवशी दिली.)

आणि आजीची हळद? तीही बैलाकडूनच आली. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते, जूने सोललेला खांदा हळद-तुपाने चोळतात. हळदीत जंतूंना रोखणारे गुण आहेत हे खरं. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट 1995 साली अमेरिकेत दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. म्हणजे आजीचं ज्ञान कागदावरही सिद्ध आहे. पण बैलाला स्वतःचा खांदा चाटता येत नाही. कुत्रा पंजा चाटतो, तेलाची चव लागली तर जास्तच चाटतो, आणि जखम ओली राहते. शिवाय खोल जखमेत हळदीचा गोळा बसला की आतली माती आतच राहते.

काकांच्या गोळीचंही तसंच. कुत्रा म्हणजे छोटा बैल नाही आणि छोटा माणूसही नाही. आपण सहज घेतो ती पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन त्याच्या यकृताला, पोटाला, मूत्रपिंडाला इजा करू शकते. डॉक्टरांनी न सांगता ती कधीच देऊ नका.

शेरूचा उपचार अगदी साधा झाला. तोंडाला कापडी पट्टी बांधली, कारण दुखलं की घरचा कुत्राही चावतो. सलाइनने जखम भरपूर धुतली, खुंटाची काडी काढली, कोरडी करून सैल पट्टी बांधली. रोज पट्टी बदलायची, ओली झाली तर लगेच. चाटू नये म्हणून प्लास्टिकची बादली बूड कापून गळ्यात अडकवली. सूज, वास किंवा पू दिसला तर परत या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तशी वेळ आली नाही.

आठव्या दिवशी तो नीट चालायला लागला. पट्टी दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरांना म्हटलं, "सर, 'इतर'च्या पुढे कंसात 'कुत्रा' लिहा ना." ते हसले आणि लिहिलं. बादली आजीने परत मागितली, आणि तिला बूड नाही हे कळल्यावर जे ऐकवलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.