माळ्यावरचा इतिहास

माण तालुक्यातल्या जुन्या घरांची एक रीत होती. मोडकी वस्तू टाकायची नाही, माळ्यावर चढवायची. "असू द्या, लागंल कधीतरी," म्हणायचं. आमच्या माळ्यावर अशा तीन पिढ्या साठल्या. आता घर पाडून स्लॅब टाकायचाय, तेव्हा सगळं अंगणात आलं. भंगारवाला किलोचा भाव सांगतो. साठी उलटल्यावर काय ठेवायचं नि काय जाऊ द्यायचं, हे आपल्यालाच ठरवावं लागतं. मागची पोरं विचारतील कुणाला?

पहिली निघाली मापं. चिपटं, मापटं, शेर, आधोली, पायली. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, आमच्याकडं सोळा पायल्यांचा मण. 1956 च्या कायद्यानं किलो आला, 1957 च्या एप्रिलात नवे पैसे आले, पण आमच्या खळ्यावर पायली पुढं कितीतरी वर्षं चालली. सुतार, लोहार, चांभार, महार, मांग यांचं वर्षाचं बलुतं ह्याच पायलीनं मोजलं जायचं. वरनं हात फिरवून सपाट मोजलं तर एक माप, शीग लावली तर दुसरं. मोजणारा आम्ही, पदर पसरणारे ते. कुणाच्या वाट्याला शीग यायची नि कुणाच्या वाट्याला सपाट, हे पायलीला ठाऊक आहे. म्हणून ती ठेवली. नुसती आजोबांची आठवण म्हणून नव्हे.

मोटंचं कातडं उंदरांनी कधीच संपवलं होतं. राहिलं लाकडी चाक. पहाटे धावंवर बैलं मागं-पुढं करायची आणि थारोळ्यात पाणी धबाधबा पडायचं. इंजिन आलं, मग विजेची मोटर आली, बैलांची ती चाल संपली. चाक ठेवलं. नाडा, कासरे, फुटके खापर, गंजलेल्या फासा दिल्या.

जात्यावर मंडळीत वाद झाला. मी म्हणालो, आईची आठवण आहे. आमची मंडळी म्हणाली, "तुम्हाला आठवण, त्यांच्या तळहाताला घट्टे होते. गावात गिरणी आली तवा सगळ्यात आधी त्याच सुखावल्या." खरंच होतं. तरी जातं राहिलं, कारण लग्नात हळद दळायला लागतंच.

शेवटी एक जर्मनचं पातेलं. 1972 च्या दुष्काळात मी बारा-तेरा वर्षांचा. आई-बाप खडी फोडायला जायचे. घरात अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो, शिजायची. आम्हा पोरांना सुकडी मिळायची. त्याच दुष्काळातनं पुढं रोजगार हमी उभी राहिली, 1977 ला तिचा कायदा झाला. त्या पातेल्याला खालनं दोन ठिगळं आहेत. भंगारवाल्यानं त्याचे वीस रुपये सांगितले. धाकटा भाऊ म्हणाला, "दे की, वाईट दिवसांचं कशाला जपतोस?"

मी दिलं नाही. चांगल्या दिवसांच्या वस्तू लोक आपोआप जपतात. हंडा, चांदीचं करगोटं कुणी टाकत नाही. वाईट दिवसांच्या वस्तूला मात्र वाली नसतो.

आता प्रत्येक ठेवलेल्या वस्तूला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलीय. कशाची, कुणी वापरली, काय मोजलं, काय शिजवलं, एवढंच. चार चिठ्ठ्या झाल्या. जिच्यावर दोन ओळीसुद्धा लिहिता आल्या नाहीत, ती वस्तू गाडीत गेली.