सरकारच्या वकिलाची फी : महाडच्या तळ्यापासून कचरा कामगारांपर्यंत

सरकारी पैशाबद्दल आपल्या चळवळीत बोलले जाते ते मुख्यतः दोन विषयांवर. अडलेली शिष्यवृत्ती आणि अनुसूचित जाती उपयोजनेचा दुसरीकडे वळवलेला निधी. दोन्ही मुद्दे रास्त आहेत, त्यावर लढलेच पाहिजे. पण एक तिसरा खर्च आहे, ज्यावर मोर्चा निघत नाही आणि निवेदनही दिले जात नाही. सरकारची खाती, महामंडळे आणि महापालिका वकिलांवर जो पैसा खर्च करतात, तो. हा पैसा कुणा मंत्र्याच्या खिशातून जात नाही. साबणाच्या वडीवर कर भरणारी आपली आईसुद्धा त्यात भर घालते. आणि पुष्कळदा त्याच पैशातून उभा राहिलेला वकील कोर्टात तिच्याच मुलाच्या नोकरीविरुद्ध बोलत असतो.

म्हणून किती खर्च झाला एवढे विचारून भागत नाही. कोणाच्या बाजूने झाला, कोणाविरुद्ध झाला आणि तो तपासला कोणी, हे विचारायला हवे. या तिन्ही प्रश्नांना इतिहास आहे.

कंपनी सरकार जाऊन राणीचे राज्य आले तेव्हा १८५८ च्या कायद्याने एक व्यवस्था लावून दिली. सरकारवर दावा लावायचा तर तो भारतमंत्र्याच्या नावाने लावायचा. दावा हरला, नुकसानभरपाई द्यावी लागली, वकिलांचा खर्च आला, तर तो सगळा हिंदुस्थानच्या महसुलातून. भारतमंत्र्याच्या व त्याच्या कौन्सिलच्या खिशाला तोशीस नाही. हुकूम काढणारा एक, कोर्टात हरणारा दुसरा आणि पैसे भरणारा तिसराच. राज्यघटनेच्या ३०० व्या कलमाने भारतमंत्र्याच्या जागी भारत सरकार आणि राज्य सरकार ही नावे आली. चुकीचा हुकूम काढणाऱ्या अधिकाऱ्याला खटल्याची झळ लागत नाही, ही जुनी सवय मात्र तशीच राहिली.

सरकार कोणासाठी कोर्टात उभे राहते, याचे आपल्या इतिहासातले सर्वात ठळक उदाहरण महाडचे आहे. ते आपण वेगळ्या कारणासाठी आठवतो, म्हणून त्याची ही बाजू झाकली जाते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात बोले ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा सरकारी देखरेखीखालची पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. सरकारने तो स्वीकारला, खात्यांना कळवला. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागदावर सगळे झाले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो माणसांसह तो कागद खरा करून दाखवला. पुढे दंगल झाली, आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे होत होती.

१२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या सवर्णांनी दावा लावला. तळे खाजगी आहे, अस्पृश्यांना तिथे येण्याचा हक्क नाही. दावा कोणावर? धोरण जाहीर करणाऱ्या मुंबई सरकारवर नव्हे, बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर. दोनच दिवसांत, १४ डिसेंबरला, मनाई हुकूम मिळाला. धोरण सरकारचे, तळे सार्वजनिक, पण ते कोर्टात सिद्ध करायची जबाबदारी पडली ती ज्यांना पाणी नाकारले होते त्यांच्यावर. जून १९३१ मध्ये महाडच्या न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला. ते अपिलात गेले. जानेवारी १९३३ मध्ये ठाण्याला पुन्हा निकाल आपल्या बाजूने. ते उच्च न्यायालयात गेले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अपील फेटाळले. सव्वानऊ वर्षे, तीन न्यायालये. त्या काळात आपल्याकडे स्वतः बॅरिस्टर असलेला नेता होता म्हणून हा दावा टिकला. ज्या गावात बाबासाहेब नव्हते, तिथे किती विहिरींचे दावे लढलेच गेले नसतील?

महाडला सरकारने हात झटकले, असे मी म्हणतो तेव्हा काही मित्र म्हणतात, ते परकीय सरकार होते. ठीक. मग आपल्या सरकारचे पाहू.

१९४९ साली दोन गोष्टी घडल्या. पहिली दिल्लीत. ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत महालेखापरीक्षकाच्या कलमावर बोलताना बाबासाहेबांनी सांगितले की, हा कदाचित भारताच्या राज्यघटनेतला सर्वात महत्त्वाचा अधिकारी आहे. संसदेने मंजूर केलेल्या कामासाठीच पैसा खर्च झाला का, हे पाहणारा तोच. त्याचे कर्तव्य न्यायसंस्थेपेक्षाही महत्त्वाचे, असे त्यांचे मत होते, आणि न्यायसंस्थेला दिले तेवढे स्वातंत्र्य आपण या अधिकाऱ्याला देऊ शकलो नाही, अशी खंतही त्यांनी त्याच भाषणात बोलून दाखवली. हे बोलणारा माणूस नुसता वकील नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीच्या अर्थकारणावर आणि ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवर त्यांनी प्रबंध लिहिले होते. रयतेचा पैसा हिशोबाशिवाय कसा उधळला जातो, हे त्यांनी दप्तरांतून अभ्यासले होते. आपण बाबासाहेबांना घटनेचे शिल्पकार म्हणतो, आणि घटनेत ज्या अधिकाऱ्याला त्यांनी सर्वात महत्त्वाचा म्हटले त्याचे अहवाल उघडूनही बघत नाही.

दुसरी गोष्ट मुंबईत. मुंबई सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली गरिबांना आणि मागासवर्गीयांना कायदेशीर मदत कशी द्यावी, यासाठी समिती नेमली. विचार चांगला होता. पण राज्याराज्यांतून उत्तर एकच येत राहिले : तिजोरीत पैसा नाही. विधी आयोगाला १९५८ च्या चौदाव्या अहवालात पुन्हा तीच मागणी करावी लागली. घटनेत ३९-अ हे कलम आले १९७६ मध्ये, विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला १९८७ मध्ये आणि लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी. गरिबाला वकील द्यायला सेहेचाळीस वर्षे पैसा नव्हता. त्याच सेहेचाळीस वर्षांत सरकारच्या अपिलांना मात्र कधी पैसा कमी पडला नाही.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ८० व्या कलमाचेच घ्या. सरकारवर दावा लावण्याआधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. हेतू असा की सरकारने त्या काळात कागद तपासावेत, चूक असेल तर ती मिटवावी आणि खटल्याचा खर्च वाचवावा. प्रत्यक्षात काय होते, हे नोटीस दिलेला कोणीही सांगेल. उत्तर येत नाही. विधी आयोगाने हे कलमच काढून टाका, अशी शिफारस एकापेक्षा जास्त वेळा केली. १९७३ मध्ये एका रेल्वे कामगाराच्या पगाराच्या दाव्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सरकारला खडे बोल सुनावले. नागरिकाविरुद्ध कसेही करून जिंकणे हे सरकारचे काम नव्हे, प्रामाणिक देणे असेल तर ते देऊन मोकळे व्हावे, असा त्याचा आशय. २०१० साली केंद्राने राष्ट्रीय दावा धोरण जाहीर केले, त्यातही हीच भाषा होती. धोरण कागदावर आले की आपल्याला बोले ठराव आठवला पाहिजे.

आता मुंबई महापालिकेच्या कचरा कामगारांकडे या. सुमारे २,७०० कामगार. काम बारमाही, शहराची घाण उचलण्याचे, म्हणजे महापालिकेच्या मूळ कर्तव्याचे. पालिकेचे म्हणणे, हे कंत्राटदारांचे लोक, आमचे नव्हेत. या कामात बहुसंख्य कोणत्या समाजाचे असतात, हे तुम्हाला सांगायला नको. कचरा वाहतूक श्रमिक संघाने लढा दिला. ऑक्टोबर २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने कंत्राट दिखाऊ ठरवून कामगारांना कायम करण्याचा आदेश दिला. पालिका उच्च न्यायालयात गेली. डिसेंबर २०१६ मध्ये तिथे हरली. पालिका सर्वोच्च न्यायालयात गेली. ७ एप्रिल २०१७ रोजी तिथेही कामगारांच्याच बाजूने निकाल लागला. महाडसारखीच तीन न्यायालये, तिन्हीकडे तोच निकाल. फरक एवढाच की महाडला अपील करणारे आपल्या पैशाने करत होते.

या अपिलांना मंजुरी देताना कोणीतरी टिपणी लिहिली असेल. खर्च किती, जिंकण्याची शक्यता किती, दरम्यान थकबाकी किती वाढेल, हे त्यात होते का? अशा टिपण्या कोणत्याही लेखापरीक्षेत नियमाने तपासल्या गेल्या पाहिजेत. हातमोजे आणि गमबूट मागितले की काटकसर आठवते, दिल्लीच्या वरिष्ठ वकिलाच्या एका तारखेला मात्र काटकसर आठवत नाही.

इथे कोणी म्हणेल, मग सरकारने वकिलांवर खर्चच करू नये का? करावा. जिथे करायला हवा तिथे तो होत नाही, हीच तर तक्रार आहे. अट्रॉसिटीच्या खटल्यात सरकार आपल्या बाजूने उभे असते, किमान कायद्याने. १९८९ च्या कायद्याच्या १५ व्या कलमात विशेष सरकारी वकील आहे. १९९५ च्या नियमांतला नियम ४ तर प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ पाहिजे. जिल्ह्यात अनुभवी वकिलांचे पॅनेल हवे. त्यांच्या कामाचा आढावा जिल्हाधिकारी आणि अभियोग संचालकांनी वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, घ्यायचा. पीडिताची इच्छा असेल तर नामवंत वरिष्ठ वकील नेमता येतो, आणि त्याची फी योग्य वाटेल तेवढी ठरवण्याची मुभा जिल्हाधिकाऱ्याला आहे. म्हणजे पैशाची तरतूद नियमातच आहे. अडते ते मागणाऱ्याला हे माहीत नसते तिथे, आणि माहीत असून अर्ज केला तर तो मंत्रालयाच्या टेबलावर पडून राहतो तिथे.

नुसते मोठे नाव नेमूनही भागत नाही. खैरलांजीच्या खटल्यात नामांकित विशेष सरकारी वकील होते. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, फाशीही दिली, पण अट्रॉसिटी कायद्याखाली कोणालाही शिक्षा झाली नाही. जुलै २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली, जातीचा मुद्दा तसाच बाहेर राहिला. जे साऱ्या महाराष्ट्राला दिसत होते ते न्यायालयाच्या दप्तरात का उतरले नाही? तपासात कमी पडले की युक्तिवादात? खात्याने याचा लेखी आढावा घेऊन तो लोकांसमोर ठेवायला हवा होता. खर्ड्याच्या प्रकरणात २०१७ मध्ये साक्षीदार फुटले आणि आरोपी सुटले. साक्षीदारांचा प्रवासभत्ता, मजुरी हेही खटल्याच्या खर्चातच येते, आणि नियम ११ मध्ये ते लिहिलेले आहे.

वकील नेमतो कोण, हा प्रश्नही यातच आला. उत्तर प्रदेश सरकारने १९९० मध्ये एका परिपत्रकाने राज्यभरातले सगळे जिल्हा सरकारी वकील बदलायला काढले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले : ही मंत्र्यांनी वाटायची खिरापत नाही, सार्वजनिक पद आहे. पंजाब-हरियाणाच्या प्रकरणात मार्च २०१६ मध्ये न्यायालयाने पुन्हा सांगितले की गरज मोजून, गुणवत्ता पाहून, पारदर्शक पद्धतीने नेमा. त्या निकालामागे एक महत्त्वाचा कागद होता, महालेखापरीक्षकांचा अहवाल. हरियाणात कामाचा अंदाज न घेता विधी अधिकारी नेमले, बरेचसे बसून पगार घेत होते, हे त्यात नोंदवले होते. बाबासाहेबांचा तो अधिकारी काय करू शकतो, हे इथे दिसते. पुढे २०२२ मध्ये पंजाबने महाधिवक्ता कार्यालयात अनुसूचित जातींसाठी ५८ पदांची जाहिरात काढली. आपल्याकडे लोकसेवा आयोगातून भरल्या जाणाऱ्या सहायक सरकारी अभियोक्त्यांना आरक्षण आहे, पण उच्च न्यायालयातल्या सरकारी वकिलांच्या यादीत आपली पोरे किती, हा प्रश्न विधानसभेत कोणी विचारत नाही.

हिशोब शोधायचा तर तो एका जागी सापडत नाही. विधी व न्याय विभागाच्या मागण्यांत २०१४ या प्रधान शीर्षाखाली ‘विधी सल्लागार व वकील’ असे गौण शीर्ष, ११४ क्रमांकाचे, असते. (हा २०१४ म्हणजे साल नव्हे, ‘न्यायदान’ या खर्चाचा क्रमांक.) पण प्रत्येक खाते आपापल्या ‘व्यावसायिक सेवा’ या उद्दिष्टाखालीही वकिलांची बिले भागवू शकते, आणि त्यात सल्लागारांची बिलेही मिसळलेली असतात. महामंडळांचा हिशोब वेगळा, महापालिकांचा वेगळा. तुकडे एवढे की बेरीज कोणीच करत नाही, आणि बेरीज नसल्यामुळे लोकलेखा समितीतही त्यावर चर्चा रंगत नाही.

माहिती अधिकारात ‘वकिलांवर एकूण किती खर्च’ असा मोघम अर्ज टाकला की ‘माहिती एकत्रित स्वरूपात उपलब्ध नाही’ हे उत्तर ठरलेले. त्यापेक्षा एका खात्याचे एक वर्ष घ्या. सफाई कामगार, वसतिगृह, जातपडताळणी किंवा पदोन्नती यांपैकी एकाच विषयातल्या अपिलांची यादी मागा. प्रत्येक अपिलाला मंजुरी देणारी टिपणी, वकिलाला दिलेली रक्कम आणि निकाल मागा. सोबत आपल्या जिल्ह्यातल्या अट्रॉसिटीच्या विशेष सरकारी वकिलांना त्याच वर्षी दिलेली फी मागा. दोन्ही आकडे एकाच कागदावर शेजारी शेजारी मांडा आणि तो कागद जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीच्या बैठकीत ठेवा. ही समिती तीन महिन्यांतून एकदा बसलीच पाहिजे, असे नियम १७ सांगतो. बैठक झाली नसेल तर आधी त्याचे लेखी कारण मागा, आणि नियम ४ प्रमाणे मागच्या जानेवारीत व जुलैत घेतलेल्या आढाव्याची प्रत.